सबाची डावी बाजू

तन्मय घोडीची डावी बाजू सोडायला तयार नव्हता.

घोडा डावीकडूनच धरतात, हे सोनलला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण विकायला काढलेलं जनावर दाखवताना धरणारा माणूस दोन पावलं पुढे सरकतो आणि गिऱ्हाइकाला दोन्ही अंगं डोळेभर बघू देतो. हा मात्र घोडीच्या गालाला खांदा लावून उभा होता. सोनल डावीकडे वळली की तोही हसत हसत घोडीसकट वळायचा, आणि पुन्हा उजवीच बाजू समोर यायची.

उजवी बाजू मात्र बघत राहावी अशी होती. दुधासारखी पांढरी अरबी घोडी, नाव सबा. कपाळ रुंद, नाकाशी खोलगट झालेला चेहरा, नाकपुड्या पातळ, आणि उभी राहिली की शेपूट आपोआप कमरेच्या वर. सोनलला माहेर आठवलं. तिचे बाबा भीमेकाठच्या एका स्टड फार्मवर मॅनेजर होते. कॉलेज संपेपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात ती अरबी शिंगरं घेऊन शोच्या रिंगणात उतरत असे. मग लग्न झालं, जव्हारला आली, किमया झाली, आणि घोडे मोबाईलमधल्या फोटोंपुरते उरले.

"काय म्हणतेस?" परागनं विचारलं. साडेतीन वर्षांची किमया त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती.

"अजून काही म्हणत नाही."

"तुझा चेहरा म्हणतोय ना. पोलीस चौकीतला चेहरा आहे तो."

तन्मय मोठ्यांदा हसला. गरजेपेक्षा जरा जास्तच हसला, असं सोनलला वाटलं.

सूर्यमाळच्या वरच्या अंगाला, रस्ता संपून गाडीवाट सुरू होते तिथे मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं फार्म हाऊस होतं. त्यानं हौसेनं तीन घोडे पाळले होते. आता त्याचा जीव परदेशात मुलाकडे लागला होता, दोन घोडे आधीच गेले होते, आणि उरलेल्या सबाला विकायचं काम त्यानं पुतण्यावर, म्हणजे या तन्मयवर सोपवलं होतं. तन्मयच्या पायात पांढरे बूट होते आणि लिदीचा ढीग दिसला की तो लांब वळसा घालायचा. घोडीची रोजची सगळी उठाठेव पोशी करायची. पोशी जवळच्याच पाड्यावरची, चाळिशीच्या आतबाहेरची, कमी बोलणारी बाई. आत्ता ती पागेच्या दाराशी घोडी घासायचा खरारा हातात घेऊन उभी होती आणि सोनलकडे बघायचं टाळत होती.

हे टाळणंही सोनलनं टिपलं.

"नाशिकची पार्टी उद्या सकाळी गाडी घेऊनच येतेय," तन्मय म्हणाला. "तुम्ही जव्हारचे, जवळचे, म्हणून मी आधी तुम्हाला फोन केला, वहिनी."

"नाशिकची पार्टी शोसाठी घेतेय?"

"शो कसला! लग्नाच्या वरातीत नाचवणार. म्हणून तर जिवाला लागतं. अशी घोडी बँडपुढे!"

परागनं सोनलकडे पाहिलं. त्याच्या नजरेत घाई होती. दाभोसा रस्त्यावरच्या त्यांच्या रानात त्यानं गेल्या महिन्यात स्वतः उभं राहून शेड बांधून घेतली होती. "तुझ्या माहेरचं काहीतरी इथं असू दे," एवढंच तो म्हणाला होता. पण तो दुकानदार माणूस. एसटी डेपोजवळ पंपांचं नि पाईपांचं दुकान, माल ठेवायला जागा अपुरी. त्यानं हेही सरळ सांगून टाकलं होतं की घोडी आली नाही तर होळीनंतर त्या शेडमध्ये पाईप जातील, रिकामी शेड त्याला बघवणार नाही. पाईप एकदा आत गेले की बाहेर येत नाहीत, हे सोनलला पक्कं ठाऊक होतं. आजची ही घोडी, नाहीतर मग कधीच नाही.

आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती. हवीशी वाटणारी गोष्ट समोर आली की माणूस आंधळा होतो, हे तिनं पाहिलं होतं. बाबांच्या फार्मवर एकदा एक गरीब, शांत घोडी आली होती. कानात बोळे घालून आणि कसलंसं औषध पाजून शांत केलेली. तिसऱ्या दिवशी औषध उतरलं आणि सोनलच्या मैत्रिणीचा खांदा मोडला. इथं तर खाली सोडलं की मान घालून दगड गोळा करत सुटणारी साडेतीन वर्षांची पोर होती.

"पराग, किमयाला खाली सोडू नकोस हं."

"तिला सू लागलीय."

"मग तिकडे, झाडाकडे ने. घोडीच्या मागून नाही!"

"अगं, मागून कशाला नेईन? मी काय यडा आहे?"

सोनल घोडीजवळ गेली. आधी कान. बोटं आत घालून चाचपले, बोळे नव्हते. मग ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, गुलाबी आणि ओल्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, लगेच जागेवर बसली. म्हणजे तहानलेली ठेवून मलूल केलेली नव्हती. गुडघ्यापासून खाली चारी पायांवरून तळहात फिरवला. कुठे गरम नाही, कुठे सूज नाही. सबानं मान वळवून तिच्या ओढणीचा वास घेतला आणि फुर्र केलं.

"झालं समाधान?" तन्मय म्हणाला.

"जरा बाजूला व्हा ना. मला हिचा डावा चेहरा बघायचाय."

"बघा की," म्हणाला, पण हलला नाही. "त्या बाजूला ऊन आहे, चमकते ती."

"चमकू दे. ऊन काय मला नवीन आहे?"

आता त्याला सरकावंच लागलं.

डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढी जागा काळीभोर आणि तुळतुळीत होती. अरबी घोडा वरून पांढरा असला तरी खाली कातडी काळी असते. पांढऱ्या चेहऱ्यावर ती जागा काजळ ओघळल्यासारखी दिसत होती. आणि ती ओली होती.

सोनल पुढे वाकली. डोळ्यातून पाणी गळतंय, आणि गळून गळून केस झडलेत. असा डोळा तिनं पाहिला होता. आठ दिवस बरा, आठ दिवस बिघडलेला, असं करत करत एक दिवस दिसायचं बंद होतं. अर्ध्या आंधळ्या घोड्याच्या त्या अंगाला लहान मूल अचानक गेलं तर तो दचकतो, आणि दचकलेला घोडा काही बघत नाही.

"हे काय आहे?"

"ते होय? ते शोसाठी कापलेलं आहे," तन्मयनं तयारच ठेवलं होतं. "शोच्या घोड्यांचे डोळ्याभोवतीचे केस कापतात ना, मग तेल लावतात. तुम्हाला तर माहीत असेल."

"माहीत आहे. दोन्ही डोळ्यांचे कापतात. नाकाडाचेही कापतात. हिचं नाकाड मिशांनी भरलंय."

तन्मयनं पागेच्या दाराकडे पाहिलं. पोशी तिथून आत सरकली होती.

"सोनल," पराग किमयाला कडेवर घेऊन आला होता, तो हलक्या आवाजात म्हणाला, "कापले असतील एका बाजूचे आधी, दुसऱ्या बाजूचे राहिले असतील. न्हाव्याकडे माझा एक कल्ला राहिला होता, आठवतं ना?"

"तुला विकायला काढलं नव्हतं."

आणि मग दुसरी एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली, ती निघेचना. मघाशी पोशी घोडी सोडायला आत गेली, तेव्हा डाव्या अंगानं जवळ येताना ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. "आले गो, आले मी, आले." असा आवाज देऊन कोण येतं? घोड्याला दिसत नसेल त्या बाजूनं येणारा.

सोनलनं ओल्या जागेवर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल तेल.

म्हणजे पाणी नव्हतं. पण तेलाखाली काय झाकलंय, हे कुठे कळलं?

"मला हिचा डोळा तपासायचाय. माझ्या पद्धतीनं. नाही म्हणालात तर आम्ही निघालो."

"तपासा, तपासा," तन्मय घाम पुसत म्हणाला. "नाही कोण म्हणतंय?"

तिनं सबाला पागेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि मोबाईलचा उजेड डाव्या डोळ्यावर हळूच पाडला. आतली आडवी बाहुली सरकन बारीक झाली. उजेड काढला, रुंदावली. पुन्हा पाडला. उजव्या डोळ्याशी ताडून पाहिलं, तसूभरही फरक नाही. डोळ्यात कुठे निळसर धुकं नाही, जाळं नाही. तिनं वारा लागणार नाही अशा बेतानं बोट डोळ्यासमोर आणलं, सबानं पटकन डोळा मिटला. तरी तिचं मन भरेना. तिनं ओढणी काढली, घोडीच्या उजव्या डोळ्यावर पट्टीसारखी बांधली, आणि परागला म्हणाली, "ते लाकूड आण. आणि ती बादली मधे ठेव. माझ्याकडे काय बघतोस, ठेव ना!"

"घोडीची परीक्षा चाललीय की माझी?"

"ठेव म्हणते ना."

अंगणात लाकूड आडवं पडलं, पुढे बादली आली, त्याच्यापुढे तन्मयची पिशवी. सोनल दावं ढिलं सोडून पुढे चालू लागली. एकाच डोळ्यानं, त्या डाव्याच डोळ्यानं बघत सबा मागे आली. लाकडाशी थबकली, मान खाली घालून हुंगलं, चारी पाय नीट उचलून पलीकडे आली. बादलीला वळसा घातला. पिशवीशी मात्र थांबली आणि ती दातांत धरून उचलली.

"अहो, माझा लॅपटॉप!" तन्मय ओरडला.

किमया खदखदून हसली. पराग हसला. सोनललाही हसू फुटलं असतं, पण तिनं ते आत दाबलं. डोळा ठणठणीत होता, मग वस्तरा कशाला फिरवला? तिला आता दुप्पट शंका येऊ लागली. रोग सापडला असता तर एकदाचा सापडला असता. हे तर काहीच नाही आणि तरी लपवलेलं.

ती सरळ पागेत गेली. पोशी गवताच्या भाऱ्याशी बसून उगाच काड्या निवडत होती.

"पोशीताई, ते केस कुणी काढले?"

पोशीनं आणखी एक काडी बाजूला ठेवली.

"मी रागावणार नाही. पण मला लहान मुलगी आहे. ती या घोडीच्या आसपास वाढणार. मला खरं कळलंच पाहिजे."

पोशीनं बाहेर किमयाकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "मीच भादरला, ताई. नवऱ्याच्या वस्तऱ्यान."

"का?"

"तिथं भोवरा आहे. केसांचा. दोन जणा घोडी बघाया आल्ते, वरातवालं. पयला आला, भोवरा बघला न बोलला, आसूढाळ आहे, ही घोडी धन्याला रडवते. चहा पन नाय घेतला. दुसरा आला, त्याही तसाच केला. मंग हे शेठ बोललं का, अजून कोन नाय आला तं देऊन टाकायची, मुंबईला, बग्गीला." तिनं गवताची काडी मोडली. "मला वाटला का भोवराच नसला तं कोन काय बोलंल? केस हायत, येतील परत. तवर ती चांगल्या घरी जाईल. तेल लावला, खाजू नये म्हनून."

"आणि ते, डाव्या बाजूनं येताना बोलतेस ते?"

"ते?" पोशीला प्रश्नच कळला नाही. "मी दोनी बाजून बोलते. तिच्याशी नाय बोलायचा तं इथं कुनाशी बोलू?"

सोनल तिथेच भाऱ्यावर बसली. सकाळपासून ताणलेलं सगळं एकदम सैल झालं. घोड्यांच्या अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात, हे तिला ठाऊक होतं. बाबांच्या फार्मवर येणारे, घोड्यांची देखभाल करणारे जुने मोतद्दारही बघायचे, आणि बाबा त्यांना चहा पाजून रवाना करायचे. शोच्या रिंगणात मात्र सगळ्याच घोड्यांच्या डोळ्याभोवतीचे केस कापलेले, तिथे असल्या भोवऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

बाहेर येऊन तिनं परागला सगळं सांगितलं. तन्मय मधेच म्हणाला, "वहिनी, मी पोशीला फक्त उजवी बाजू पुढे ठेव असं म्हटलं होतं. भादर असं म्हटलं नव्हतं हो! परवा आलो तर हे असं. मग मलाही काहीतरी बोलावं लागलं."

"नाशिकची पार्टी?"

तन्मयनं बुटाकडे पाहिलं. "तीच ती, दुसरी. चहा न घेता गेलेली."

सोनल हसत परागकडे वळली. "घेऊ या. डोळा स्वच्छ आहे, पाय स्वच्छ आहेत. मला दुसरं काही बघायचं नाही."

पराग हसत नव्हता. त्यानं किमयाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जरा थांबू ना," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"म्हणजे, असं लगेच नको. विचार करू."

"पराग, तू सकाळपासून मला घाई करतोयस."

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं." त्यानं आवाज खाली आणला. "धन्याला रडवते म्हणाले ना ते लोक? उद्या काही झालं तर? आपल्या घरात लहान मूल आहे, सोनल."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. अमावास्येला नवा माल न उतरवणारा, दुकानाच्या उंबऱ्याला रोज पाणी लावणारा हा माणूस तिला नवा नव्हता. पण आज सकाळपासून तिच्या प्रत्येक शंकेला तो हसत आला होता.

"मी हिच्यात दहा रोग शोधले," ती म्हणाली, "तेव्हा तुला चेष्टा सुचत होती. लाथ मारेल म्हटलं, आंधळी असेल म्हटलं, तेव्हा लहान मूल आठवलं नाही. आणि आता रोग नाही म्हटल्यावर तू घाबरलास?"

"रोगावर डॉक्टर असतो गं. ह्याच्यावर काय असतं?"

खरं सांगायचं तर त्याच्या या वाक्यानं तीही चरकली. बी.एस्सी. झालेली असो की आणखी कुणी, रात्री पोरीला दोनदा ताप आला की तिसऱ्यांदा दृष्ट काढणारीही तीच होती. तिनं किमयाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. त्या काळ्या जागेवर बारीक पांढरे खुंट उगवू लागले होते, गोल फिरत, एकाच मध्याभोवती. तिला ते पाहायला नको होतं, पण दिसलं.

या थांबण्याचा तन्मयनं भलताच अर्थ घेतला. "वहिनी, दादा, भोवऱ्याचं एवढं असेल तर मी किंमतीत थोडं सोडतो. काकांना मी सांगेन."

परागचे डोळे सवयीनं वर झाले. "किती सोडाल?"

"काहीही सोडू नका," सोनल म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"अगं, तो स्वतःहून कमी करतोय!" पराग कळवळला. दुकानाच्या गल्ल्यावर बसून असं वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"कशाचे कमी करतोय? डोळ्यात खोट आहे का? पायात आहे का? कमी पैशात नेली तर घोडीत खोट आहे हे आपणच मान्य केलं. मग घरात दूध उतू गेलं तरी तू हिच्याकडे बघशील. आणि तू काय, मीही बघेन. ठरलेल्या किमतीलाच घेऊ या. आणि माझ्या नावावर. धनी मी. रडवायचं असेल तर मला रडवू दे."

परागनं किमयाला सावरून धरलं. मग चिडून म्हणाला, "तू रडलीस तर ते काय मला चालणार आहे?"

तन्मयनं शहाणपणानं दुसरीकडे पाहिलं.

"मग रडवू नकोस," सोनल म्हणाली. "एवढं तर तुझ्या हातात आहे."

परागनं मान हलवली. होकार होता की हार, हे त्यालाच ठाऊक. त्यानं जव्हारला टेम्पोवाल्याला फोन लावला आणि फोनवर उगाचच त्याच्यावर ओरडला.

टेम्पो गाडीवाटेच्या तोंडाशी, डांबरी रस्त्यावर थांबणार होता. पोशीनं सबाच्या मानेवर हात फिरवला, कपाळाला कपाळ टेकवलं, तिच्या कानात तिच्या घरच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि दावं सोनलच्या हातात दिलं. सोनलनं जव्हारचा पत्ता सांगितला, डेपोजवळचं दुकान सांगितलं, बाजाराला आलीस की रानात घेऊन जाईन म्हणाली. पोशीनं फक्त "हो" म्हटलं, आणि खरारा घेऊन रिकाम्या पागेत गेली.

दावं हातात आल्याबरोबर सोनलचे खांदे आपोआप मागे गेले. तिनं हात वर उचलला, जीभ टाळूला लावून टॉक आवाज काढला. सबानं मान कमानीसारखी ताणली, कान पुढे काढले, शेपटीचा झेंडा केला. आणि पळसांच्या बाजूबाजूनं ती दुडकीवर निघाली, खडीला जेमतेम पाय लावत. सोनल तिच्याबरोबर धावत होती. पायात शोचे बूट नव्हते, बाजारातल्या चपला होत्या, आणि तिला ते जाणवतही नव्हतं.

मागून किमयाचा टाहो ऐकू आला.

सोनल जागीच थांबली. वळून पाहिलं. परागच्या कडेवर किमया लाल होऊन, तोंडाचा आ करून, हंबरडा फोडून रडत होती. टपटप आसवं गळत होती. पराग गोठल्यासारखा उभा होता, आणि किमयाकडे न बघता सबाच्या डाव्या डोळ्याकडे बघत होता.

सोनलनंही बघितलं. न बघणं तिला जमलंच नाही. काळी जागा उन्हात चकाकत होती. घोडी घेऊन पाच मिनिटं झाली नव्हती.

"काय झालं तिला?" ती ओरडली. आवाज तिला वाटला होता त्याहून चिरका निघाला. "पडली का? काही चावलं का? पराग, बोल ना!"

"मला... घोलीवल... बशायचंय!" किमया हुंदक्यांमधून किंचाळली. "आई एकतीच गेली!"

परागनं श्वास सोडला, पण नजर काढली नाही. सोनलला कळून चुकलं की आता घरातला प्रत्येक रडका आवाज असाच आधी या घोडीपाशी येऊन थांबणार, आणि मग त्याचं खरं कारण शोधायचं काम तिच्याकडे येणार. दात येतील, ताप येईल, शाळेत कुणीतरी मारेल. दर वेळी. वर्षानुवर्षं.

तिनं कपाळावरचा घाम पुसला, दावं आखूड धरलं.

"आण तिला इकडे," ती म्हणाली. "पुढून आण. मी धरलीय घोडी, आणि मी सोडणार नाही. तू तिच्या कमरेला धर."

"आत्ता? लगेच?"

"आत्ताच."

पराग एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि मग वाटेतला दगड पायानं बाजूला सारून पोरीला घेऊन निघाला, घोडीच्या डाव्या बाजूनं.